घड्याळकाकांची एकशे अठरावी भट्टी

आमचे भट्टीवाले काका रोज संध्याकाळी पिशवीभर रद्दी घरी न्यायचे. प्रिंटरमधून वाकडे निघालेले कागद, चुकलेले अर्ज, यंत्रांच्या खोक्यांत येणारी माहितीपत्रकं, काहीही. मी समोरच्या खोलीत मायक्रोस्कोपवर बसते आणि माझं दार कायम उघडं असतं, त्यामुळे कोण काय नेतो ते मला दिसतंच. मी म्हणायची, "काका, एवढ्या रद्दीत एव्हाना बंगला उठला असेल हो तुमचा!" ते नुसते हसायचे, पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळायचे आणि निघायचे. तीन वर्षं मी हा टोमणा मारला. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे. नऊला भट्टी चालू म्हणजे नऊला, आठ एकोणसाठला नाही. दुपारी एक वाजता मागच्या वसाहतीत घरी जेवायला, पावणेदोनला परत. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर शिपाई नवा सेल घालून काकांच्या येण्याची वाट बघायचा आणि त्यावर काटे लावायचा. एकतीस वर्षं ते एकाच भट्टीवर होते. उजव्या हाताच्या तर्जनीवर भाजल्याचा पांढरा डाग, आणि अंगाला गंधकाचा वास, काडी ओढल्यावर येतो ना, तसा. स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. मी पडले फटकळ तोंडाची, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी बोलायची, ते ऐकायचे.

आमच्याकडे काय बनतं ते थोडक्यात सांगते, घाबरू नका. मनगटाएवढी एक पारदर्शक नळी, तिच्याभोवती भट्टी, भट्टीला पेटीसारखं वर उघडणारं झाकण. नळीत बोटभर लांबीच्या दोन वाट्या सरकवायच्या, त्यांना आम्ही होड्या म्हणतो. एकीत एका धातूची पूड, दुसरीत गंधक. धातूच्या होडीवर सिलिकॉनचा नखाएवढा चकचकीत तुकडा पालथा घालायचा. मग सातशे पन्नास अंश. दोन्हींची वाफ होते, तुकड्यावर बसते आणि तिथे त्रिकोणी स्फटिक उगवतात. जाडी किती? तीन अणू. खाली गंधक, मध्ये धातू, वर गंधक, संपला थर! माझ्या मायक्रोस्कोपखाली ते फिकट निळे त्रिकोण दिसतात, आणि इतकी वर्षं झाली तरी मला ते बघायला आवडतं.

या थरातून गंधकाचा एखादा अणू गळला की तिथे भोक पडतं. त्याला आम्ही दोष म्हणतो. जाडजूड वस्तूत एखादा अणू कमी असला तर कोण विचारतंय? पण इथे मुळात तीनच, त्यातला एक गेला की तिथली वीज अडखळते, तिथून निघणारा उजेड बदलतो. आधी सगळे हे दोष टाळायलाच धडपडायचे. मग लोकांच्या लक्षात आलं की भोकं आपण म्हणू तिथे आणि म्हणू तेवढीच पाडता आली तर त्यांचाच उपयोग होतो. विणकामात नाही का, भोकं मोजून सोडली तर नक्षी, नाहीतर उंदराने कुरतडलेलं. त्या मोजून सोडण्यामागे जगभरची माणसं लागलीत, आमचे सर त्यातलेच.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी डॉक्टरेट करायला आली. एवढीशी, हडकुळी. पहिल्याच दिवशी तिच्या मापाचा प्रयोगशाळेतला कोट सापडेना, तेव्हापासून तिचं नाव बारकी पडलं. मला ताई म्हणायची, काकांना काका. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने काकांबरोबर या धातूची एकशे अठरावी भट्टी लावली; एकदा भाजून काढलं की ती आमची एक भट्टी. दुसऱ्या दिवशी तो तुकडा माझ्याकडे आला. मी खोली अंधारी केली, लेझर टाकला, आणि खरं सांगते, माझ्या तोंडातून "अगंबाई!" निघालं. त्रिकोणाच्या आत उजेडाचे ठिपके होते, आणि तेही ओळीने. शेजारच्या इमारतीतल्या मोठ्या यंत्राने बघितलं तर गंधकाचे अणू रांगेत गळालेले. दुसरे लोक महागड्या यंत्रांनी नेम धरून मारा करून जे करतात, ते आमच्या म्हाताऱ्या भट्टीत नुसतं भाजून झालं होतं! सर अक्षरशः नाचले. लेख छापून आला. सरांनी बारकीला सांगितलं, आता हेच पुन्हा कर, मग पाहिजे तसं करून दाखव, हाच तुझा प्रबंध.

काकांच्या रजिस्टरमध्ये एकशे अठराची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात होती. पूड किती, गंधक किती, वायू किती, तापमान किती, आणि शेवटी नेहमीचं, "झाकण बंद, आपोआप थंड." बारकीने ती नोंद पाठ केली आणि तंतोतंत तसंच केलं. आला तो स्वच्छ थर. पुन्हा केलं, पुन्हा स्वच्छ. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. ती दारातूनच विचारायची, "ताई, कसं आहे?"

"छान आहे गं. एक डाग नाही."

की ही खाली बसून रडायला लागायची. चांगलं आलं म्हणून रडणारी मुलगी मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

मधेच कधीतरी एखाद्या तुकड्यात चार-दोन भोकं जास्त दिसायची, मग ती उड्या मारायची. दोनशे त्रेचाळीसला तर चक्क अर्धी रांग आली. तिने मला मिठी मारली, काकांच्या पाया पडायला धावली, काका दचकून मागेच सरले. दोनशे चव्वेचाळीसला पुन्हा काही नाही. त्या दिवशी काकांनी आपला चहा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "पी बाळ, भट्टी कधीकधी ऐकत नाही." मला वाटलं, किती जीव लावतात पोरीला. जीव लावत होतेच म्हणा.

मग बाहेरून पत्रं यायला लागली. दोन ठिकाणच्या लोकांनी आमची कृती करून बघितली होती आणि त्यांना काही जमलं नव्हतं. दुसऱ्या पत्रात आडून आडून विचारलं होतं की ती छायाचित्रं कोणी काढली, त्यांत नंतर काही रंगवलं तर नाही ना. बस्स. छायाचित्रांवर नाव बारकीचं होतं. सर तिच्याशी तुटक बोलायला लागले. जेवणाच्या टेबलावर ती आली की गप्पा थांबायच्या. तिसरं वर्ष संपत आलं, महिनाअखेर तिची मुदत संपत होती आणि मग नाव कमी होणार होतं. शेवटी सरांनी मध्यममार्ग काढला. एकशे अठरा विसर, या एकाच कृतीने दोनशे वेळा स्वच्छ थर मिळतो एवढंच लिही, पदवी मिळून जाईल. पदवी छोटी मिळणार होती, पण तोंड दाखवायला जागा राहिली असती. तिने मान डोलावली. फक्त एक कागद लागत होता. सगळ्या भट्ट्या रजिस्टरात लिहिल्याप्रमाणेच झाल्या, असं भट्टीवाल्याच्या सहीचं पत्र.

तो कागद घेऊन काका माझ्या खोलीत आले, सकाळी साडेनऊ वाजता. भट्टी सोडून! मी म्हटलं, "काय हो, आज सूर्य कुठे उगवला?" ते स्टुलावर बसले. हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"बाई, मला यावर सही करता येत नाही."

"का? चष्मा विसरलात?"

"खोटं आहे ते."

आणि मग एकतीस वर्षांत न बोललेलं सगळं बोलले. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चार वर्षांपासून विसरायला होत होतं. आधी वस्तू, मग माणसं, मग घर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारीण अधूनमधून डोकवायची, दुपारी एकला हे स्वतः जायचे. एकशे अठरावी भट्टी थंड होत असताना, बारकी वर्गाला गेलेली असताना शेजारणीचा फोन आला, काकू अनवाणी घराबाहेर पडल्या होत्या आणि कुठे दिसत नव्हत्या. भट्टी तापलेली असताना सोडून जायचं नाही, हा नियम. सोडली तर नोकरी जाते, नोकरी गेली तर वसाहतीतलं घर जातं आणि काकूंचं औषधपाणीही. काकांनी लवकर गार व्हावी म्हणून झाकण उघडून टाकलं, आणि पळाले. काकू मोठ्या रस्त्यालगत एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. रजिस्टर तर सकाळीच भरलेलं होतं. ते रोजच सकाळी भरायचे. संध्याकाळी काय वेगळं लिहायचं असायचं? एकतीस वर्षांत कधी काही वेगळं झालंच नव्हतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्धवट गरम असताना झाकण उघडलं की गंधक गळणार, आणि एकदम गार झाल्यावर ती भोकं तशीच थिजणार! तीन वर्षं पोरगी काखेत कळसा घेऊन गावाला वळसे घालत होती.

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. "किती अंशाला उघडलंत ते सांगायचं, सुटली असती ती!"

"तेच तर माहीत नाही, बाई. त्या दिवशी मी काट्याकडे बघितलंच नाही."

घड्याळकाका, आणि काट्याकडे बघितलं नाही. मला रागही आला आणि रडूही. ते पुढे सांगत होते. एकदा चहाच्या वेळी त्यांनी सरांना सहज म्हणून सुचवलं होतं, झाकण लवकर उघडून बघायचं का. सर हसले होते. "काका, एकशे अठराला झाकण बंद होतं, तुमच्याच अक्षरात लिहिलंय." चोराच्या मनात चांदणं. पुन्हा विषय काढला तर आपण पकडले जाऊ असं त्यांना वाटलं. मग त्यांनी आपल्या बुद्धीने एक उपाय केला. बारकी भट्टी लावून वर्गाला गेली की हे मधूनमधून गुपचूप झाकण उघडायचे. एकदा सातशेला, एकदा सहाशे ऐंशीला, कधी गंधक आधी बाजूला करून, कधी नंतर. कधीतरी ती रांग पुन्हा येईल आणि पोरीचं काम होईल, एवढाच हेतू. भट्टी जुनी, संगणकाला जोडलेली नाही, नुसता काटा. सकाळी बारकी यायची तेव्हा सगळं गार आणि झाकण बंद. असं त्यांनी बेचाळीस वेळा केलं.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता तिच्या त्या दोनशे स्वच्छ भट्ट्यांवरही कोण विश्वास ठेवणार? त्यातल्या कुठल्या खऱ्या आणि कुठल्या काकांनी उघडलेल्या? सही केली तर खोटं, नाही केली तर पोरगी बुडाली. मी डोकं धरून बसले.

"पण मी लिहून ठेवलंय," काका हळूच म्हणाले.

"काय?"

"सगळं. भट्टीचा नंबर, किती अंशाला उघडलं, गंधक किती होतं. रजिस्टरात कसं लिहिणार? घरी गेलो की कॅलेंडरच्या मागे लिहायचो. स्वयंपाकघरात, उंच खिळ्याला लावलंय."

मी उडालेच. प्रत्येक तुकड्याची छायाचित्रं माझ्या संगणकात नंबरवार होती. काकांची यादी शेजारी ठेवली की कुठल्या अंशाला किती भोकं पडतात, हे सरळ समोर येणार. म्हणजे दोष मोजून पाडायची कृतीच! दोनशे त्रेचाळीसची अर्धी रांग कशाने आली तेही कळणार. "अहो काका, हाच तर प्रबंध! पोरगी सुटली तुमची!" मी त्यांना हाताला धरून उठवलं. "चला सरांकडे. आत्ताच्या आत्ता."

ते दारात थांबले. "आधी घरी जाऊन येऊ का? कॅलेंडर घेऊन येतो. आणि हिला पण जरा—"

"कॅलेंडर काय पळून जातंय का?" मी म्हटलं. हे माझे शब्द. अगदी याच शब्दांत म्हटलं मी.

सरांनी ऐकून घेतलं आणि पांढरेफटक पडले. छापलेल्या लेखातली कृतीच खोटी निघाली होती. त्यांनी वरच्या कार्यालयात फोन केला. अर्ध्या तासात दोघंजण आले, भट्टीला कुलूप लागलं, रजिस्टर पाकिटात घालून त्यावर लाख लावली. काकांना टेबलाशी बसवून जबाब लिहायला सांगितला. एकदा लिहिला, तो त्या दोघांना पटला नाही. दुसऱ्यांदा लिहिला. एक वाजला तेव्हा काका उठले.

"मला घरी जायचंय. जेवायची वेळ झाली."

"इथेच मागवू काहीतरी," कार्यालयातला माणूस म्हणाला. "जबाब पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, बसा, होईल लवकर. मला वाटत होतं सगळं मार्गी लागतंय. बारकीला मी बाहेर ओट्यावर बसवून सगळं सांगितलं होतं आणि तो बिनसहीचा कागदही परत दिला होता. ती आधी चिडली, मग रडली, मग कागद-पेन काढून हिशेब करायला लागली. बेचाळीस तुकडे, सहा तापमानं असतील, प्रत्येकाचे सात. "ताई, चार दिवसांत आलेख होतील. लिहायला एक आठवडा. होतंय ताई, होतंय!" तीन वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. सरसुद्धा बाहेर येऊन म्हणाले, यादी आणि छायाचित्रं जुळली तर लेखही दुरुस्त करता येईल, नाहीतर मागे घ्यावा लागेल. कुलूप निघायला सहा महिने तरी लागणार होते, म्हणजे पुन्हा करून बघायचा प्रश्नच नव्हता. सगळा भार त्या कॅलेंडरवर होता.

तिसरा जबाब सहा वाजता संपला. आम्ही तिघं मागच्या वसाहतीत गेलो. काका एवढ्या झपझप चालत होते की बारकीला पळावं लागत होतं. त्यांच्या हातात पिशवी नव्हती, तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दोन खोल्यांचं घर, अगदी टापटीप. काकू जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस व्यवस्थित विंचरलेले, पदर नीट. पूर्वी त्या शिवणकाम करायच्या, असं काका वाटेत म्हणाले होते. त्यांच्याभोवती सगळीकडे कागदाच्या पट्ट्या पडल्या होत्या, बोटभर रुंद, एकसारख्या, कात्रीने कापल्यासारख्या सरळ. काकू कागद फाडत बसायच्या. तेवढंच त्यांना शांत ठेवायचं, हातात कागद असला की त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. त्यासाठी ती रोजची पिशवीभर रद्दी. माझा तो बंगला!

स्वयंपाकघरातलं स्टूल भिंतीपाशी ओढलेलं होतं. वरच्या खिळ्याला कॅलेंडरची पत्र्याची पट्टी लोंबत होती, तिला कागदाची एक चिंधी चिकटलेली.

"आज किती उशीर," काकू म्हणाल्या. अगदी स्पष्ट, काही झालंच नसल्यासारखं. "कागद संपले होते."

"हो गं," काका म्हणाले. "उशीर झाला."

बारकी खाली बसली आणि पट्ट्या गोळा करायला लागली. एकेक उलटून बघायची. एका पट्टीवर काकांच्या वळणदार अक्षरात एक सहा होता, त्यापुढचा आकडा मधोमध फाटलेला, आठ असेल, शून्य असेल, तीनही असेल. तिने तो दुसरीला लावून बघितला, तिसरीला लावून बघितला. मीही बसले. पण काकूंचं समाधान एका पट्टीने होत नव्हतं, पट्टी झाली की तिचे पुन्हा बारीक चौकोन. चौकोनांचा ढीग त्यांनी बादलीत टाकला होता आणि बादलीत पाणी होतं. शाई उतरून पाणी निळं झालं होतं.

"काका, आठवतंय का काही? दोनशे त्रेचाळीस?" मी विचारलं.

"सहाशे वीस असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाहीतर पाचशे ऐंशी." मग दोन्ही हातांनी तोंड झाकून स्टुलावर बसले. "माझी चूक झाली, बाळ. माझी चूक झाली." बारकी पट्ट्या जुळवतच राहिली. सकाळी आधी घरी आलो असतो तर, एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि ते सांगायला माझ्यात हिंमत नव्हती. अजूनही नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

काकूंचे हात रिकामे झाले होते. बोटं मांडीवर काहीतरी शोधत फिरायला लागली, मग त्या उठून दाराकडे बघायला लागल्या. काका धडपडत उठले, कपाट उघडलं, खण उघडले, कुठेच कागद नव्हता. काकूंनी कडी काढली.

तेव्हा बारकीने आपल्या पिशवीतून एक कागद काढला. सकाळचाच तो. सगळ्या भट्ट्या लिहिल्याप्रमाणे झाल्या, खाली सहीची जागा कोरी. तिने काकूंचा हात धरून त्यांना परत भिंतीशी बसवलं आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. काकूंनी तो उजेडाकडे धरून बघितला, कड बोटाने सरळ केली आणि फाडायला सुरुवात केली.